कोकोच्या गावांत शाळा आणि कौशल्य-प्रशिक्षण कसं वाढवायचं: घाना आणि आयव्हरी कोस्टसाठी कामाचा आराखडा

जगातला साधारण साठ टक्के कोको घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन शेजारी देशांतून येतो, आणि त्यातला बहुतेक सात-आठ एकरांच्या घरगुती बागांमधून. या पट्ट्यात शाळा आणि प्रशिक्षणाचं काम करणाऱ्या संस्था, कोको खरेदी करणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे सीएसआर विभाग यांत भारतीय माणसं बरीच आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि पुढच्या वर्षी तिकडे जाऊन असं काम हाती घेणाऱ्यांसाठी.

कामाला हात घालण्याआधी एक आकडेवारी नीट समजून घ्यावी. शिकागो विद्यापीठाशी संलग्न एनओआरसी या संशोधन संस्थेने २०२० मध्ये दोन्ही देशांचा अहवाल दिला. २००८-०९ ते २०१८-१९ या दहा वर्षांत कोको भागातल्या शेतकरी कुटुंबांमधली शाळेत जाणारी मुलं आयव्हरी कोस्टमध्ये ५८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली आणि घानात ८९ वरून ९६ वर. त्याच दहा वर्षांत कोकोतल्या बालमजुरीचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलं. दोन्ही देश मिळून १५.६ लाख मुलं. म्हणजे मुलं शाळेतही जातात आणि बागेतही कोयता चालवतात, फवारणी चालू असताना तिथेच असतात, बियांची ओझी डोक्यावरून वाहतात. नुसता पट वाढला म्हणून काम झालं असं समजणाऱ्याची इथे फसगत होते. पट वाढवणं तुलनेने सोपं. मूल कापणीच्या ऐन हंगामात, नोव्हेंबरमध्ये, वर्गात टिकणं, तिथे त्याला वाचता येणं आणि सोळाव्या वर्षी हातात पोटापाण्याचं काम असणं, ही खरी कामं.

पहिली पायरी: गावाच्या पलीकडची वस्ती मोजा

शाळा असते मुख्य गावात. कोकोच्या बागा मात्र जंगलात आत, आणि बऱ्याच कुटुंबांची वस्ती बागेजवळच्या झोपड्यांत. आयव्हरी कोस्टमध्ये अशा वस्तीला कांपमाँ म्हणतात. तिथे राहणारे बहुतेक वेळा बागेचे मालक नसतात. कोणी बुर्किना फासोहून आलेलं असतं, कोणी देशाच्याच उत्तर भागातून. घानात वाट्याने बाग करण्याच्या दोन पद्धती आहेत: अबुसा, ज्यात राखण करणाऱ्याला उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मिळतो, आणि अबुनू, ज्यात निम्मा. सहकारी संस्थेच्या सभासद-यादीत मालकाचं नाव असतं, अबुसावाल्याचं नसतं. तेव्हा ती यादी घेऊन पाहणी केलीत, तर ज्यांच्या मुलांना शाळेची सगळ्यात जास्त गरज आहे तीच घरं सुटतील.

म्हणून पाहणीचा नकाशा बागांवरून काढा. प्रत्येक घरात फार प्रश्न नकोत. मुलांची वयं, कोण कुठल्या इयत्तेत, शाळेपर्यंत चालत किती वेळ लागतो आणि वाटेत पावसाळी ओढा आहे का, जन्मदाखला आहे का, कापणीच्या दिवसांत मूल काय करतं, एवढं पुरे. शेवटचा प्रश्न जपून विचारा. बालमजुरीबद्दल बाहेरची माणसं चौकशी करतात ती माल नाकारण्यासाठी, असा बऱ्याच शेतकऱ्यांचा समज आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. एखाद्या घरात मुलं काम करतात असं कळलं की त्या घराचा माल बंद, असा नियम लावलात तर पुढच्या पाहणीत त्या गावात एकही मूल काम करताना सापडणार नाही. आंतरराष्ट्रीय कोको उपक्रम म्हणजे आयसीआय ही संस्था २००२ पासून या क्षेत्रात आहे. तिच्या आणि कंपन्यांच्या देखरेख-पद्धतीत गावातलाच प्रशिक्षित माणूस घरोघर जातो, आणि मूल धोक्याच्या कामात आढळलं तर त्या घराला मदत जोडून दिली जाते. मदत ठरलेली नसेल तर यादीच करू नका.

दुसरी पायरी: पैशाचं कॅलेंडर

हे पान तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावा. कोकोचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च, छोटा हंगाम साधारण एप्रिल-मे ते ऑगस्ट. आयव्हरी कोस्टमध्ये शाळा सप्टेंबरात उघडते. गणवेश, वह्या, शाळा समितीची वर्गणी, सगळा खर्च सप्टेंबरात. घरात पैसा येतो ऑक्टोबरच्या मध्यानंतर, तोही खरेदीदाराने वेळेवर दिला तर. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना आणि शाळेचा सगळ्यात महाग महिना एकच. त्यात शाळा सुरू होऊन दोन-चार आठवडे होतात न होतात तोच फळं काढायचा हंगाम लागतो. ऊसतोडीचा हंगाम शाळेच्या वर्षाला कसा मधोमध कापतो, हे ज्याने बीड-अहिल्यानगरात पाहिलंय त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

शिक्षण ‘मोफत’ असण्याने हे सुटत नाही. घानात मूलभूत शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे, २०१७ पासून उच्च माध्यमिकही मोफत आहे. आयव्हरी कोस्टने २०१५ च्या कायद्याने ६ ते १६ वयोगटाला शाळा सक्तीची केली. फी माफ झाली तरी बाकीचा खर्च उरतोच, आणि तो चुकीच्या महिन्यात येतो.

यावरचे उपाय साधे आहेत, पण तारखा पाळाव्या लागतात. बायकांचे बचत गट या भागात आता बरेच रुजले आहेत. केअर या संस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केलेली पद्धत पुढे कोको कंपन्यांनी इकडच्या गावांत आणली. या गटांत वर्षअखेरीस साठलेली रक्कम सभासदांना वाटतात. गटाचं वर्ष असं बसवा की वाटप ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होईल. गट आधीच चालू असेल तर वर्ष मोडायला लावू नका, शाळेसाठी वेगळी पेटी सुरू करा. संस्थेला वह्या-दप्तरं वाटायची असतील तर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मुलांच्या हातात असली पाहिजेत. डिसेंबरात पाहुण्यांच्या हस्ते वाटलेल्या दप्तरांचा उपयोग पाहुण्यांनाच जास्त.

थेट पैसे देण्याचाही अनुभव आहे. नेस्लेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत मुलं शाळेत असणं, बागेची छाटणी, सावलीची झाडं आणि जोडउत्पन्न यांवर कुटुंबाला मोबाइलवरून रक्कम मिळते, आणि ती नवरा-बायकोत विभागली जाते. रक्कम बाईच्या फोनवर जाणं हा त्यातला घेण्यासारखा भाग. पण अट घालणार असाल तर शाळेत बाक आहे का, शिक्षक आहे का, हे आधी तपासा. शाळाच नसलेल्या वस्तीतल्या बापाला मूल शाळेत नाही म्हणून पैसे नाकारणं हा अन्याय आहे.

भावाचंही पाहा. १९८९-९० मध्ये आयव्हरी कोस्टच्या सरकारने शेतकऱ्याला मिळणारा भाव किलोला ४०० सीएफए फ्रँकवरून (हे तिथलं चलन) २०० वर आणला, आणि त्या धक्क्याने कोको भागातली शाळेतली मुलं कमी झाली, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये जागतिक बाजारात टनाला १२,००० डॉलरच्याही पुढे गेलेला भाव पुढच्या वर्षभरात निम्म्याच्या आसपास आला. तुमचा कार्यक्रम चांगल्या वर्षाच्या हिशोबावर उभा असेल तर वाईट वर्षासाठी काय, ते आजच लिहून ठेवा.

तिसरी पायरी: कागद

छोटं काम, पण याच्याविना सगळं अडतं. आयव्हरी कोस्टमध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी जी परीक्षा असते, तिला बसायला जन्मदाखला लागतो. जन्मानंतर तीन महिन्यांत नोंद झाली नाही तर पुढे न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो. स्थलांतरित कुटुंबांत, जिथे आई-बापाचेच कागद धड नसतात, हे फार अवघड जातं. हुशार मूल सहा वर्षं शाळेत येतं आणि परीक्षेच्या दारात परत फिरतं.

शेवटच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा पहिलीच्या वर्गातच दाखले तपासा. ज्यांचे नाहीत त्यांची एकत्र यादी करून उपप्रशासकाच्या कार्यालयाकडे जा आणि गावात फिरतं न्यायालय भरवायची विनंती करा. एकेका बापाला तालुक्याला पाठवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नवीन जन्मांची नोंद गावातल्या सुईणीकडून आणि आरोग्यसेविकेकडून तीन महिन्यांच्या आत होईल अशी व्यवस्था लावली, की हा प्रश्न पुढच्या पिढीला उरत नाही.

चौथी पायरी: वर्गात काय चालतं

इथे मुंबईचा संबंध येतो. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’ सुरू झाली. शाळेत जाऊनही मुलांना वाचता येत नाही, हे तिच्या कार्यकर्त्यांनी लवकर ओळखलं. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणीने वेगळं बसवून शिकवायचं, हा बालसखी प्रयोग मुंबई आणि बडोद्यात झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शास्त्रीय पद्धतीने तपासला. त्यातून पुढे जी पद्धत घडली ती आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेली, आणि आयव्हरी कोस्टच्या शिक्षण मंत्रालयाने ती ‘पेक’ या नावाने शाळांत आणली. त्या कामाला कोको गावांसाठीच्या ‘ट्रेक’ उपक्रमातून पैसा आणि पाठबळ मिळालं. ट्रेकमागे होतं याकोब्स फाउंडेशन. चॉकलेटच्या धंद्यात पैसा कमावलेल्या क्लाउस याकोब्स यांनी १९८९ मध्ये ते स्थापन केलं.

पद्धत अशी. तिसरी ते सहावीच्या प्रत्येक मुलाची पाच-दहा मिनिटांची तोंडी चाचणी: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात अंक ओळख आणि चार क्रिया. मग रोज ठरलेल्या वेळेत इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट. पाचवीतलं मूल अक्षर गटात असेल तर ते अक्षर गटातच बसतं. जमिनीवर खडूने लिहिणं, शब्दांचे पत्ते, मोठ्याने वाचन, काड्यांचे जुडगे. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी आणि गटांची फेरमांडणी. चाचणी शिक्षकांनीच घ्यायची. बाहेरच्या तज्ज्ञाने घेतलेली चाचणी कागदावर राहते. शिक्षकाने घेतली की त्याला स्वतःला धक्का बसतो, आणि पुढचं प्रशिक्षण निम्मं सोपं होतं.

सगळ्यात जास्त खर्च कशावर करायचा, तर शाळेत वरचेवर येऊन शिक्षकासोबत वर्ग घेणाऱ्या मार्गदर्शकावर. तोही सरकारच्याच पर्यवेक्षकांमधून निवडा, म्हणजे तुम्ही गेल्यावर तो तिथेच राहील. पाच दिवसांचं प्रशिक्षण देऊन निघून जाण्यात काही अर्थ नसतो.

कोकोच्या भागात याला दोन गोष्टी जोडाव्या लागतात. एक, भाषा. आयव्हरी कोस्टमध्ये शाळा फ्रेंचमध्ये आणि घरात बाउले, बेते, जुला किंवा मोरे. अक्षर गटातल्या मुलांशी घरच्या भाषेत बोलायला शिक्षकाला मोकळीक द्या. स्थलांतरितांच्या वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून घेतली तर फार फरक पडतो. दुसरी, हंगाम. सखोल वाचन-शिबिरं जानेवारीनंतर ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हजेरी टिकवण्यावरच जोर द्या.

शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा सुटली, अशा आठ ते चौदा वयाच्या मुलांसाठी जोडवर्ग लागतात. घानाच्या उत्तर भागात १९९५ मध्ये ‘स्कूल फॉर लाइफ’ने याचा पाया घातला: नऊ महिने, मातृभाषेत, दुपारनंतर, गावातलाच शिकवणारा, आणि शेवटी थेट नियमित शाळेच्या मधल्या इयत्तेत प्रवेश. पुढे हाच नमुना सरकारी पूरक शिक्षण योजनेत गेला. आयव्हरी कोस्टमध्येही असे वर्ग आहेत. यात घसरण नेहमी एकाच जागी होते, जोडवर्ग संपून शाळेत जाण्याच्या दिवशी. मुख्याध्यापक म्हणतात बाक नाहीत. म्हणून जोडवर्ग सुरू करण्याआधीच शाळेकडून जागांचं लेखी पत्र घ्या, आणि पहिल्या सत्रात ती मुलं टिकतात का, याची जबाबदारी जोडवर्गाच्या शिक्षकाकडेच ठेवा.

पालकांना फोनवर संदेश पाठवायची कल्पना सगळ्यांना सुचते. आयव्हरी कोस्टच्या आबोआसो भागात हे तपासलं गेलं. फक्त पालकांना संदेश गेले तिथे गळती घटली. पालक आणि शिक्षक दोघांनाही पाठवले तिथे तो फायदा दिसला नाही. संदेश पाठवायचे तर पालकांनाच पाठवा, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजी स्वरूपात.

इमारतीबद्दल थोडक्यात. खोली बांधायचीच असेल तर आधी शिक्षकाचं घर बांधा. रानातल्या शाळेवर नेमणूक झालेला शिक्षक राहायला जागा नसली की शहराकडे पळतो. नंतर मुलींसाठी स्वच्छतागृह आणि बोअरवेल. जेवण मिळत असेल तर दूरच्या वस्तीतली मुलं दुपारनंतरही थांबतात. त्यासाठी लागणारा कसावा (ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद) आणि भाजी गावातल्या बायकांच्या गटाकडून घ्या.

पाचवी पायरी: कौशल्य-प्रशिक्षण, उलट्या टोकाकडून

बहुतेक प्रकल्प अभ्यासक्रमापासून सुरू होतात: शिवण, केशकर्तन, बेकरी, साबण. एका गावात वीस शिवणयंत्रं आणि गिऱ्हाईक तिघांचं, असं चित्र मग दिसतं. सुरुवात करा ती गावातून बाहेर जाणाऱ्या पैशापासून. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि खरेदी केंद्रावर बसून चार आठवडे नुसतं लिहा: लोक कशासाठी तालुक्याला जातात, काय दुरुस्त करायला पाठवतात, कुठलं काम करायला बाहेरून माणूस येतो. यादी ओळखीची निघते. मोटारसायकल आणि मालवाहू तीनचाकी, ज्याला घानात अबोबोया म्हणतात, त्यांची दुरुस्ती. मोबाइल आणि सोलर दिवे. गवंडीकाम. फवारणी पंपाची देखभाल. कसाव्यापासून गारी किंवा आत्तिएके करणारी यंत्रं चालवणं. शिवण यादीत येईलही, पण दोघींपुरतं.

कोकोच्या बागेतच मोठं काम पडून आहे. झाडं म्हातारी झालीत, शेतकरीही. छाटणी, पुनर्लागवड, सुजऱ्या फांद्यांच्या विषाणूने रोगट झालेली झाडं काढणं, रोपवाटिका ही अंगमेहनतीची आणि जाणकारीची कामं आहेत. आठ-दहा तरुणांची टोळी करून ठरलेल्या दराने एकरावर काम घ्यायचं. सहकारी संस्थेने सभासदांकडून मागणी गोळा करायची आणि मजुरी हंगामात मालातून कापून घ्यायची. मजुरी लगेच मागितली तर शेतकऱ्याकडे पैसा नसतो, आणि टोळी दोन महिन्यांत मोडते. म्हणून संस्थेने खेळतं भांडवल ठेवणं हाच या योजनेचा कणा. घानाच्या कोकोबॉड या सरकारी कोको मंडळाने हाताने परागीकरण आणि सामूहिक छाटणीच्या मोहिमांत तरुणांना कामं दिली होती, पण सरकारी तरतुदीवर चालणारं काम तरतूद आटली की थांबतं.

बिया पाच-सहा दिवस आंबवणं, मधे उलथणं, ओल सात-आठ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवणं, हे शिकवायला हवं, कारण मालाची प्रत तिथे ठरते. पण ज्यादा प्रतीला ज्यादा दर देणारा खरेदीदार आधी शोधा. तो नसेल तर शेतकरी तीन दिवसांतच बिया काढेल, आणि त्याचं चुकतं असंही नाही. फळांच्या सालीची राख काळ्या साबणात जाते, घानात तो साबण जुना आहे. बायकांना त्यात जोडउत्पन्न मिळू शकतं, पण बाजारपेठ लहान आहे. गावात चॉकलेट बनवण्याच्या प्रशिक्षणाचे फोटो छान येतात. वीज, थंडावा, साखर, वेष्टन आणि गिऱ्हाईक यांचा हिशोब मांडला की तो धंदा शहरातच बसतो. माझं मत विचाराल तर तो पैसा छाटणीच्या टोळ्यांत घाला.

वयाच्या बाबतीत ढिलाई नको. घानाच्या १९९८ च्या बालक कायद्यानुसार हलकं काम तेराव्या वर्षापासून, नोकरी पंधराव्यापासून आणि धोक्याचं काम अठरानंतरच. फवारणीचं किंवा करवतीचं प्रशिक्षण सतरा वर्षांच्या मुलाला दिलंत तर शिक्षण-प्रकल्पच बालमजुरीचा भाग होतो.

दुरुस्ती, सुतारकाम, शिवण यांसाठी वेगळी संस्था बांधायची गरज क्वचितच असते. या दोन्ही देशांत बहुतेक कारागीर उस्तादाच्या हाताखालीच तयार होतात. तिथेच व्यवस्था घट्ट करा:

- उस्ताद, शिकाऊ आणि पालक यांच्यात लेखी करार: मुदत, काय शिकवायचं, कामाचे तास, मार लागू नये ही अट, घरकाम करून घ्यायचं नाही ही अट.
- उस्तादाची फी एकरकमी देऊ नका. तिसरा हिस्सा सुरुवातीला, तिसरा मधल्या चाचणीनंतर, उरलेला प्रमाणपत्रानंतर.
- आठवड्यातला एक दिवस वाचन-हिशोबाचा. पावती लिहिता न येणारा मेकॅनिक दुकान चालवू शकत नाही.
- सरकारी प्रमाणपत्राशी जोड. घानात हे काम सीटीव्हीईटी या आयोगाकडे आहे. परीक्षेची फी अंदाजपत्रकात आधीच धरा.
- अवजारांची पेटी पहिल्या दिवशी देऊ नका, ती विकली जाते. शेवटच्या सहा महिन्यांत अर्धी किंमत हप्त्याने घेऊन द्या.

मुलींसाठी दोन गोष्टी वेगळ्या लागतात. मूल सांभाळायला जागा आणि अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल असे तास. त्या नसतील तर पहिल्या तीन महिन्यांतच मुली गळतात, आणि कारण विचारलं की कोणी नीट सांगत नाही.

पैसा कुठून, आणि तो कोणाच्या हातात

शिक्षकाचा पगार सरकारचा. त्यात तडजोड करू नका. प्रकल्पाच्या पैशावर शिक्षक ठेवला की सरकार त्या शाळेला रिकाम्या जागा दाखवत नाही, आणि प्रकल्प संपला की वर्गही संपतो. नेमणूक होईपर्यंत गावाने ठेवलेल्या स्वयंसेवक शिक्षकाला मानधन द्यायचंच तर दोन वर्षांची मुदत लिहून, शिक्षण कार्यालयाच्या सहीने.

गावाच्या हक्काचा पैसाही असतो. फेअरट्रेड प्रमाणपत्राखाली विकलेल्या कोकोवर टनाला २४० डॉलर प्रीमियम, म्हणजे भावाच्या वर ज्यादा रक्कम, मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा ते सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा ठरवते. ५०० टन माल असा विकणाऱ्या संस्थेकडे वर्षाला १,२०,००० डॉलर येतात. त्या सभेत बायका किती आणि वाट्याने बाग करणारे किती, यावर त्यातले किती शाळेकडे वळतात ते ठरतं. सभेआधी महिनाभर शाळा समितीला हिशोब मांडायला मदत करा. ठराव त्यांनीच मांडू दे.

काय मोजायचं

नोंदणीचा आकडा एका ओळीत संपवा. मोजायचं ते हे: नोव्हेंबर महिन्यातली सरासरी हजेरी, वस्तीनिहाय. तिसरी ते सहावीतली किती मुलं साधा परिच्छेद वाचतात, वर्षातून दोनदा. जोडवर्गातून गेलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षअखेरीस किती शाळेत आहेत. मूल आठवड्यात किती तास बागेत असतं आणि त्यात कोयता, ओझी, औषधं यांचं काम किती. प्रशिक्षण संपल्यावर बारा महिन्यांनी त्या तरुणाची महिन्याची कमाई किती. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी घेतलेलं समाधान-सर्वेक्षण फाडून टाकलंत तरी चालेल.

पहिल्या वर्षाचा क्रम असा ठेवा: जानेवारी ते मार्च वस्त्यांची मोजणी आणि बाजाराची पाहणी. एप्रिल-मे मध्ये शाळा समिती, सहकारी संस्था आणि शिक्षण कार्यालय यांच्याशी लेखी करार. जूनपासून जन्मदाखल्यांची यादी न्यायालयाकडे. ऑगस्टअखेर बचत गटांचं वाटप आणि वह्या-गणवेश गोदामात. सप्टेंबरात चाचणी आणि गट. ऑक्टोबरपासून जोडवर्ग आणि छाटणीच्या टोळ्यांचं प्रशिक्षण. कंपनीची मंजुरी एप्रिलऐवजी ऑगस्टमध्ये आली, तर घाईने सप्टेंबरात सुरू करू नका. ते वर्ष मोजणी, दाखले आणि उस्तादांच्या निवडीत घालवा आणि वर्ग पुढच्या सप्टेंबरात उघडा.